चिठ्ठीवर गावाचे नाव लिहा : नाशिकच्या संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक व विश्वस्त,
आणि पुरातत्त्व खात्याचे अधिकारी यांस,

विषय : संग्रहातील वस्तू जिथे सापडल्या त्या गावांची नावे पाट्यांवर लिहिण्याबाबत, विशेषतः जोगलटेंभीच्या नाण्यांबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडला राहणारा निवृत्त इतिहास शिक्षक. काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांची सहल घेऊन परगावच्या एका मोठ्या संग्रहालयात गेलो होतो. नाण्यांच्या दालनात काचेखाली चांदीचे एक लहानसे नाणे होते. शेजारी चिठ्ठी होती, ‘सातवाहन, चांदी’. एवढेच. नाण्यावर तीन कमानींचा डोंगर उमटला होता आणि डोंगराखालून एक नाक डोकावत होते. नाक पाहिल्यावर मला राहवेना. मी मुलांना गोळा केले आणि सांगितले की हे नाक नहपान या शक क्षत्रप राजाचे, वरचा डोंगर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, आणि अशी नाणी हजारोंनी जिथे निघाली ते जोगलटेंभी आपल्या जिल्ह्यातले. सायखेड्याकडून शाळेत येणारा एक मुलगा पुढे आला. म्हणाला, “सर, जोगलटेंभी माझ्या मामाचं गाव. पण इथं तर लिहिलेलं नाही.” मी म्हणालो, लिहायला हवे होते. त्यावर तो म्हणाला, “मग तुम्ही सांगा ना त्यांना.”

ते सांगायचे राहून गेले होते. आता नाशिकमध्ये सिंहस्थाची तयारी चालू आहे, रस्ते, घाट, कमानी यांची रोज चर्चा होते, म्हणून आधी आपल्या घरच्या माणसांना, म्हणजे तुम्हाला, सांगतो आहे.

जोगलटेंभी सिन्नर तालुक्यात, दारणा जिथे गोदावरीला मिळते तिथे वसलेले गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नव्हेत, १३,२५० च्या आसपास नाणी. सगळी मुळात क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा वृत्तान्त छापला, आणि त्यानंतर दख्खनच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला या गावाचे नाव घ्यावेच लागले.

हे नाणे हातात धरून बघण्यासारखे आहे. मी एकदाच धरले आहे, एका संग्राहकाच्या घरी. आकाराने बोटाच्या पेरापेक्षाही लहान. मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचे मुख, त्याच्याभोवती ग्रीक अक्षरांची कड. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत ‘राजा क्षहरात नहपानाचे’ अशा अर्थाचा लेख. तीन लिप्या एवढ्याशा चांदीवर! गौतमीपुत्राने ही नाणी वितळवली नाहीत. होती त्याच नाण्यावर नवा ठसा ठोकला. मुखाच्या जागी तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ, भोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. उलट बाजूला चार वर्तुळे जोडणारे, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते. पण घणाचा घाव दर वेळी सारखा बसत नाही. म्हणून कुठे नहपानाचा डोळा शिल्लक राहतो, कुठे ओठ, कुठे कडेची दोन ग्रीक अक्षरे. एक राजवट गेली, दुसरी आली, आणि दोन्ही एकाच नाण्यावर दिसतात. मुलांना ‘सत्तांतर’ हा शब्द समजावायला मला याहून चांगले साधन तीस वर्षांत मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट. नहपानाची ही मुखे एकमेकांसारखी नाहीत. कुणी तरुण, कुणी म्हातारा, कुणाचे गाल भरलेले, कुणाचे बसलेले. ही सगळी एकाच माणसाची चित्रे कशी, असा प्रश्न स्कॉटसाहेबांनाही पडला होता. वेगवेगळ्या हातांच्या कारागिरांनी ठसे खोदले असतील, किंवा राजा म्हातारा होत गेला असेल. पाच-सहा नाणी शेजारी शेजारी मांडली तर आठवीतले पोरही या वादात भाग घेईल. एकच नाणे मांडून हे साधत नाही.

आता या नाण्याला नाशिकजवळच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांपाशी न्या. जोगलटेंभीहून तासाभराचा रस्ता. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात बोलतो. तीन लाख गाई दिल्या, इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे तो सांगतो. दमण म्हणजे आपल्याच जिल्ह्यात उगवणारी दमणगंगा, आणि पारादा म्हणजे पार. आणि मग तो एक हिशेब मांडतो. नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, द्यायचे. मी हा लेख वर्गात फळ्यावर लिहून मुलांकडून गणित करून घ्यायचो. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर येते! जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेला हिशेब आजही चुकत नाही, हे पाहून वर्गात एकदम शांतता पसरायची. त्याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण हा भावही दिला आहे, आणि हे सारे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले, फलकावर नोंदवले, असेही म्हटले आहे.

हे कार्षापण म्हणजे चांदीचे नाणे. ते कसे दिसत असेल असे मूल विचारते, तेव्हा त्याला बोट दाखवायला समोर काहीतरी हवे. लेख एकीकडे, नाणे दुसरीकडे, आणि नाण्याजवळ गावाचे नाव नाही. मग त्या मुलाने दोन्हींचा सांधा कुठे जुळवायचा?

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत. पहिला त्याच्या अठराव्या वर्षीचा, गोवर्धनचा अमात्य, म्हणजे राजाचा अधिकारी, विष्णुपालित याला लिहिलेला. उषवदाताकडे असलेले ककडी गावचे दोनशे निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत लेण्यातल्या भिक्खूंना द्यावे असा. शत्रूच्या ताब्यातले शेत आपल्या नावाने दान करणे आणि शत्रूच्या नाण्यावर आपला ठसा मारणे, ही एकाच राजाची एकाच धोरणाची दोन कामे आहेत. दुसरा हुकूम चोविसाव्या वर्षीचा, अमात्य श्यामकाला. त्यात राजा म्हणतो की दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. ‘न कसते’, ‘न वसति’. आज शेतकरी बोलतो तेच शब्द. म्हणून मग नगराच्या सीमेवरच्या सरकारी शेतातले शंभर निवर्तने बदली द्या, असा आदेश. मोठ्या विजयानंतर सहा वर्षांनी एका ओसाड गावाची नोंद राजाला घ्यावी लागली. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेखही याच लेण्यात आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, ज्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असा आपल्या मुलाचा गौरव ती आई करते. तो वंश निःशेष झाल्याचा हातात धरता येईल असा पुरावा जोगलटेंभीच्या मातीतून निघाला. म्हणून मला या दोन जागा वेगळ्या वाटत नाहीत.

वस्तूबरोबर गावाचे नाव का हवे, हे मला इतिहासवाल्यांपेक्षा दगडवाल्यांनी जास्त चांगले शिकवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे स्फटिक पाहिले असतील तुम्ही. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत तयार झालेली ही खनिजे विहिरी खोदताना, खाणींत सुरुंग लावताना बाहेर येतात. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या खाणीतली खनिजे तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. या मंडळींचा एक नियम आहे. नमुना कुठे सापडला ते कळत नसेल तर त्याची किंमत निम्म्याहून खाली. खनिजाचे नाव, खाण, गाव, जिल्हा, देश, एवढे लिहिल्याशिवाय ते चिठ्ठी पुरी मानत नाहीत. दगडाला आपण एवढा मान देतो, मग माणसाच्या हातच्या वस्तूला का नाही?

गावाच्या नावाने काय घडते ते संगमनेरजवळच्या जोर्वे गावाने दाखवले आहे. प्रवरेच्या काठी तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या, मग पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केले, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. लाल भांड्यावर काळी नक्षी, तोटीची भांडी, असे काही कुठेही सापडले की पुस्तकात ‘जोर्वे’ लिहिले जाते. त्याच मोहिमेत जुन्या नाशिकातल्या आपल्या मातीच्या गढीवर खड्डे घेतले गेले. ताम्रपाषाण काळापासून मुसलमान-मराठा काळापर्यंत थरांवर थर निघाले. ज्या गावठाणात आपण भाजी आणायला जातो ते गावठाण किती जुने, हे त्या मातीने सांगितले. पण नाशिकच्या पोराला जोर्वे शब्द परीक्षेपुरता माहीत असतो आणि गढी ही पावसाळ्यात दरड कोसळण्याच्या बातमीपुरती. गढीवरच्या खापरांचा एक चांगला संच, थरांप्रमाणे खालून वर मांडलेला, नाशिकमध्ये कायमचा दिसला पाहिजे. ती खापरे दिसायला सुंदर नाहीत. तरीही.

नाशिकला गोदाकाठी असलेल्या नारोशंकर मंदिराच्या घंटेबद्दलही एक शब्द. ती संग्रहालयात नाही, देवळाच्या दारावर आहे, आणि तिथेच राहावी. १७२१ हे साल असलेली ती पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर इकडे आली. मेणवली, भीमाशंकर इथल्या घंटाही त्याच कुळातल्या. नाशिककर मात्र तिला पुरामुळे ओळखतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी, गळ्याला पाणी, आणि घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर. एकाच वस्तूचे हे दोन इतिहास, वसईचा आणि गोदावरीचा. तिथे लावायच्या पाटीवर दोन्ही यावेत.

पुराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सरकारवाड्यात शासकीय संग्रह आहे ही आनंदाची गोष्ट. पेशवाईतल्या लाकडी वाड्यात प्राचीन वस्तू पाहाव्यात यासारखे सुख नाही. पण सराफ बाजारात २००८, २०१६ आणि २०१९ साली नदी शिरली हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नाणी, ताम्रपट, कागद वरच्या मजल्यावरच असावेत आणि पुराच्या दिवशी काय आधी उचलायचे याची यादी दाराशी टांगलेली असावी. तशी आधीच असेल तर माझे बोलणे जास्तीचे समजा.

अंजनेरीचे उदाहरण मला विशेष जवळचे आहे, कारण तिथे नाणी आणि गाव एकत्र आहेत. १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राच्या अभ्यासाची संस्था त्या डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याच गावात भोगशक्ती या राजाचे ताम्रपट सापडले. कलचुरी संवत ४६१ चे, म्हणजे इसवी सन ७१० च्या आसपासचे. महामहोपाध्याय मिराशी यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. उजाड झालेले समगिरीपट्टण पुन्हा वसवताना तिथल्या व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याची नोंद त्यांत आहे. गाव बसवायचे तर व्यापाऱ्याला सवलत द्यावी लागते, हे आठव्या शतकातल्या राजालाही कळत होते. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या नाशिककराला हे वाचून गंमत वाटेल. ताम्रपटाचे चित्र आणि त्याचे सोप्या मराठीतले भाषांतर अंजनेरीच्या बसथांब्याजवळ लावले तर गडावर जाणारा प्रत्येक ट्रेकर ते वाचेल.

सार्वजनिक वाचनालयाच्या संग्रहाविषयी फार लिहीत नाही. १८४० पासूनची संस्था आहे, पोथ्या आणि चित्रे तिने जपली, आणि वाचनालयात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा लोकांचे तिच्यावर प्रेम आहे. एवढेच म्हणेन की पोथी कुणाच्या घरून आली, कुठल्या वाड्यातल्या माळ्यावरून उतरली, हे दान देताना सांगितले गेलेले असते. ते जाणत्या माणसांच्या आठवणीत आहे तोवर लिहून घ्या. देणाऱ्याला नाव नको असेल तर गल्ली तरी लिहा. तांबट लेन, तिवंधा, भद्रकाली.

खेड्यातल्या माणसाचे आता. नांगराला मडके लागले, विहिरीत नाणी निघाली, की घरात पहिला विचार येतो तो पोलिसांचा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. सरकारने तो घेतला तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश मिळते. हे गावात कुणाला माहीत नसते, आणि माहीत असले तरी मोबदल्याचा तो हिशेब ऐकून कुणाला हुरूप येत नाही. म्हणून गोष्टी सोनाराच्या मुशीत जातात. मी हे कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. भीतीने होते ते. कायदा बदलणे तुमच्या हातात नाही, पण ज्या गावाने वस्तू दिली त्याला मान देणे आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘इथे अमुक साली अमुक सापडले, ते अमुक ठिकाणी जपलेले आहे’ अशी पाटी लागली, तर पुढच्या वेळी मडके फुटले की तलाठ्याला फोन जाईल.

माझे मागणे त्यामुळे असे आहे. तुमच्या ताब्यातल्या ज्या ज्या वस्तूचे गाव नोंदवहीत आहे, ते गाव बाहेरच्या चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत आणा. नोंदवहीत असते ते, मी पाहिले आहे, पण काचेपर्यंत पोचत नाही. वीरगळ असेल तर कुठल्या वेशीवरचा, मूर्ती असेल तर कुठल्या नदीपात्रातली, तोफ असेल तर कुठल्या किल्ल्याच्या बुरुजावरची. चांदवडच्या टांकसाळीचा रुपया असेल तर ‘होळकर, चांदी’ एवढ्यावर थांबू नका. चांदवड लिहा, नाण्यावर येणारे तिचे जाफराबाद हे नावही लिहा, आणि नाशिकचा गुलशनाबादी शिक्का असेल तर हे आपल्याच शहराचे जुने नाव, हेही लिहा. मुलांना ते माहीत नसते. मोठ्यांनाही.

जोगलटेंभीच्या साठ्यातली नाणी कुठल्याही संग्रहालयातून दीर्घ मुदतीच्या उसनवारीने आणता आली तर आणावीत. पाच-सहा पुरेत, मुखे वेगवेगळी असलेली, दोन मूळ नहपानाची आणि बाकीची पुन्हा ठसा मारलेली. त्यांवर फिरते भिंग बसवावे. शेजारी दहाव्या आणि तिसऱ्या लेण्यातल्या लेखांचे ठसे आणि मराठी अर्थ. ही नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. परदेशातून आणणे अवघड असेल, पण आपल्या देशातल्या संग्रहांकडून आणणे अवघड नसावे. आणि या नाण्यांच्या उत्तम प्रतिकृती, मूठभर, जोगलटेंभीच्या शाळेला द्याव्यात. त्या मुलांच्या हातात फिरू द्याव्यात, हरवल्या तर पुन्हा द्याव्यात.

मी ब्राह्मी शिकवतो. पाट्यांवरचे ब्राह्मी पाठ तपासायचे, नोंदवहीतली गावांची नावे आजच्या नावांशी जुळवायची, मोडीतल्या जुन्या नोंदी वाचायच्या, ही कामे मी आणि माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त शिक्षक विनामोबदला करू. सकाळी दहा ते एक जमते, शनिवारी दिवसभर. सहलीतला तो मुलगा आता सायखेड्याला दुकान चालवतो. परवा भेटला तेव्हा त्याला हे पत्र वाचून दाखवले. जोगलटेंभीच्या शाळेत प्रतिकृतींसाठी काचेचे कपाट लागेल, ते तो देणार आहे. त्याचे माप तेवढे लवकर कळवा, सुताराला सांगायचे आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
नाशिकरोड